तेरावा पाट

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हिकमतुल्लाच्या लॅपटॉपवर अकरा वायफाय दिसत होते. त्याच खोलीत, त्याच टेबलावर, त्याच्याच फोनवर मात्र तेरा. हिकमतने दोन्ही याद्या वहीत समोरासमोर लिहिल्या, खाली रेघ मारली आणि वजाबाकी केली. गळालेल्या दोघांपैकी एक तळमजल्यावरच्या गफूर न्हाव्याचा होता. त्याच्यापुढे हिकमतने लिहिलं, ‘दुकान जेवणासाठी बंद असावं.’ दुसरा त्याचा स्वतःचा होता. त्याच्यापुढे काय लिहावं हे त्याला सुचेना. कारण वायफायची पेटी टेबलापासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर कपाटावर बसलेली होती आणि तिचे चारही दिवे हिरवेगार होते.

समोरच्या इमारतीतल्या कुणाचा तरी लागला नसता तर माणसाने सोडून दिलं असतं. पण शेजारच्या झुम्रद ओपांचा, म्हणजे झुम्रदताईंचा, दिसतो, त्यांच्या वरच्या मजल्यावरचा दिसतो, आणि आपलाच आपल्याला ओळख देत नाही, हा प्रकार चव्वेचाळीस वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला जिव्हारी लागण्यासारखाच होता.

त्यातून दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बरोबर तीन वाजता हिकमतची परीक्षा होती. एम.एस्सी.च्या प्रवेशाची. वर्षातून एकदाच होणारी, घरबसल्या संगणकावर द्यायची. अकरावीचा वर्ग आणि शाळेची प्रयोगशाळा हवी असेल तर पुढची पदवी घ्या, असं उपमुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. उपमुख्याध्यापक म्हणजे हिकमतचाच जुना विद्यार्थी, ज्याला त्याने एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. अर्जावर सही करताना तो म्हणाला होता, “दोमला, या वयात! कौतुक आहे तुमचं.” ताश्कंदपासून काही तासांवरच्या कोकंद शहरात शिक्षकाला दोमला म्हणतात, आणि ‘कौतुक आहे’ याचा अर्थ सगळीकडे असतो तोच तिथेही असतो.

परीक्षेचे नियम एकोणीस होते. खोलीत परीक्षार्थी एकटाच हवा. दुसऱ्या माणसाचा आवाज आला तर परीक्षा रद्द. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. आणि नियम क्रमांक चौदा: जी इंटरनेट जोडणी वापरणार तिचा करार क्रमांक अर्जात लिहायचा, ती परीक्षार्थीच्याच नावावर असली पाहिजे, आणि मग त्याच जोडणीवरून परीक्षा द्यायची. हिकमतने तो आकडा दोनदा तपासून लिहिला होता. त्यामुळे आता शाळेतून, झुम्रद ओपांकडून किंवा फोनवरून परीक्षा देण्याचे सगळे रस्ते त्याने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात बंद करून टाकलेले होते.

लॅपटॉप त्याच्या मेहुण्याचा. बायकोचा, सानोबरचा, धाकटा भाऊ इल्होम ओहायोला ट्रक चालवतो. गेल्या वर्षी आला तेव्हा हा लॅपटॉप ठेवून गेला, आणि जाताना सांगून गेला, “दाजी, यात लिनक्स घातलंय. याला विषाणू लागत नाही, हा मंद होत नाही, आणि फुकट आहे.” तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. शाळेत तो वर्षभर बिनतक्रार चालला. घरी इंटरनेट आलं दोनच महिन्यांपूर्वी, आणि ते आजवर फोनवरच वापरलं गेलं होतं. लॅपटॉपला ते दाखवायची वेळ आजच आली. लॅपटॉप इतका पातळ, की त्याला तारेचं भोकच नव्हतं. तार जोडायचा तुकडा बाजारात एकाच दुकानात मिळतो, आणि त्या दुकानदाराच्या घरी मुलाचं लग्न होतं. सोमवारी उघडेल, असं शेजारच्या सुक्यामेव्याच्या गाळ्यावरून कळलं.

हिकमतने आधी पेटी बंद करून सुरू केली. मग लॅपटॉप बंद करून सुरू केला. मग दोन्ही बंद करून आधी पेटी, मग लॅपटॉप. मग उलट क्रमाने. चार शक्यता, चार नोंदी, प्रत्येकीपुढे ‘११’. मग त्याने जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन केला. सव्वीस मिनिटं दुताराची धून ऐकल्यावर एक मुलगी आली आणि दादा म्हणावं तसं ‘आका’ म्हणत बोलू लागली.

“आका, तुमच्याकडे विंडोज कुठली?”

“विंडोज नाही, लिनक्स आहे.”

“म्हणजे फोन का?”

“नाही हो, संगणक.”

“माझ्या यादीत सात आहे, आठ आहे, दहा आहे, अकरा आहे. तुम्ही म्हणता ते नाही.”

“मग दहा लिहा.”

“दहा लिहिलं तर मला पुढे विचारावं लागेल, आका. डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा.”

“माझ्या डाव्या कोपऱ्यात पेंग्विन आहे.”

मग ती मुलगी दुखावल्या आवाजात म्हणाली, “आका, मी इथे नोकरी करते.” आणि पाच कामाच्या दिवसांत माणूस येईल, पासपोर्ट तयार ठेवा, असं सांगून तिने फोन ठेवला. हिकमतचे कान लाल झाले. शिक्षकीच्या बावीस वर्षांत कुठल्याही पोरीने त्याला थट्टेखोर समजलं नव्हतं.

इल्होमला त्याने आवाजी निरोप पाठवला. ओहायोत नुकतंच उजाडलं होतं. तीन तासांनी उत्तर आलं, त्यात इंजिनाची घरघर जास्त आणि इल्होम कमी होता: “दाजी, बंद करून सुरू केलंत का?”

मग तो फोनवरून रशियन मंचांवर गेला. तिथे त्याच्यासारख्याच एका माणसाने हाच प्रश्न विचारलेला होता. पहिल्याने त्याला वायफायच्या कार्डाचा क्रमांक विचारला होता. दुसऱ्याने, विचारण्याआधी शोधायचं असतं एवढंही कळत नाही का, म्हणून झापलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, मलाही हाच त्रास आहे. शेवटी प्रश्न विचारणाराच परत येऊन म्हणत होता, ‘सुटला, सर्वांचे आभार.’ कसा सुटला याचा मागमूस नाही. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. त्या माणसाबद्दल हिकमतच्या मनात जे आलं ते त्याने वहीत लिहिलं नाही.

तरी त्याने पद्धत सोडली नाही. रेडिओ चुकून बंद केलेला नाही ना? यंत्र म्हणालं, नाही. कार्ड ओळखलं जातंय ना? म्हणालं, हो. मग एका सल्ल्यावरून त्याने कार्ड चालवणारा भागच काढून पुन्हा घातला. काढणं एका ओळीत झालं. घालताना यंत्र म्हणालं, असं काही नसतं. पडद्यावरचे अकराचे शून्य झाले. हिकमतच्या तोंडचं पाणी पळालं. सानोबर चहा घेऊन आली तेव्हा तो भिंतीकडे बघत बसला होता.

“अहो, काय झालं?”

“होतं तेही गेलं.”

“मग बंद करून सुरू करा ना.”

त्याने रागारागाने बंद करून सुरू केलं, आणि अकरा परत आले. हरवलेली मेंढरं कळपात आल्यावर धनगर मोजतो तसे त्याने ते बोटाने मोजले. बायको आणि मेहुणा एकाच घरात वाढलेत हे त्याला त्या क्षणी प्रकर्षाने जाणवलं.

एव्हाना बातमी जिन्यात गेली होती. या जिन्यावर बारा बिऱ्हाडं आणि खाली गफूरचं दुकान, असे तेरा उंबरे. भिंती सोव्हिएत काळातल्या, पण बातमी त्यांनाही कधी अडली नाही. पहिल्या आल्या झुम्रद ओपा, समोरच्या शिवणकाम करणाऱ्या, गळ्यात मोजपट्टी तशीच.

“दोमला, तुमचं यंत्र माझ्याकडे आणून बघा बरं.”

त्यांच्याकडे नेलं. सात माणसं, दोन शिलाई मशिनं आणि एक टीव्ही यांच्या मधोमध लॅपटॉप उघडला, नातवाच्या नावाचा पासवर्ड घातला, आणि चौथ्या सेकंदाला तो जोडला गेला. झुम्रद ओपांनी हात पुसत निदान केलं:

“यंत्र चांगलं आहे. तुमची पेटीही चांगली आहे, सानोबरचा फोन चालतोच की तिच्यावर. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एवढंच. माझ्या थोरल्या सुनेचं आणि माझं असंच होतं. दोघी चांगल्या.”

“मग काय केलंत?”

“ती ताश्कंदला गेली.”

जाताना त्या म्हणाल्या, नजर लागली असेल, परीक्षेचं तुम्ही जिथे तिथे सांगत सुटलात. आणि अर्ध्या तासात इसिरिकची धुरी घेऊन परत आल्या. तव्यावर पेटलेली ती झुडपाची वाळकी पाती त्यांनी पेटीभोवती तीन वेळा, लॅपटॉपभोवती तीन वेळा आणि हिकमतभोवती, गरज जास्त असल्यामुळे, सात वेळा फिरवली. धूर इतका झाला की सानोबरने बाल्कनीचं दार उघडलं, दारामुळे झोत आला, झोताने वहीची पानं उलटली आणि तव्यातली ठिणगी नेमकी ‘निरीक्षणे’ या पानावर पडली. नोंद क्रमांक पाच ते नऊ जळाल्या. लॅपटॉप दाखवत होता अकराच.

आता या जिन्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्या मजल्यावर ममासोली बुवा राहतात. वय सत्त्याहत्तर. चाळीस वर्षं ते फरगाण्याच्या कालव्यावर मीराब होते, म्हणजे पाटकरी. कुणाच्या शेतात किती वाजता पाणी सोडायचं, किती वेळ, कुणाचं दार कधी बंद, हे त्यांनी ठरवायचं आणि चार गावांनी मुकाट ऐकायचं. या खोऱ्यात माणूस सख्ख्या भावाशी भांडेल, पण मीराबशी भांडत नाही. जिन्यात इंटरनेट आलं तेव्हा दर संध्याकाळी कुणाचं तरी अडायचं आणि एकमेकांवर आळ यायचा. बुवांच्या नातवाने त्यांना समजावलं, की हवेत एक ते तेरा अशा तेरा वाटा आहेत आणि सगळे एकाच वाटेवर गर्दी करतात. बुवा म्हणाले, “म्हणजे पाट आहेत. आणि पाटकरी नाही.”

पुढच्या रविवारी अंगणात पुलाव शिजला, तेरा घरचे कर्ते जमले, आणि बुवांनी एक ते तेरा पाट तेरा उंबऱ्यांना वाटून दिले. सगळ्यांनी एका नानचा तुकडा मोडून खाल्ला आणि शब्द दिला. पहिला पाट अर्थातच बुवांचा. मुखाशी पाटकरीच हवा. बारावा गफूरचा. तेरावा कुणी घेईना, म्हणून तो सर्वांत शेवटी इंटरनेट घेणाऱ्या हिकमतच्या नावावर गेला. तेरा आकड्याला भिणं त्याच्या शास्त्राला शोभलं नसतं. हिकमतने सभेत एक शंका मात्र मांडली होती: या वाटा खरं तर स्वतंत्र नाहीत, प्रत्येकीचा पसारा शेजारच्या दोन-तीन वाटांवर सांडतो. बुवांनी त्याच्याकडे मायेने पाहिलं होतं.

“दोमला, पाणीही झिरपतंच. ते आम्हाला माहीत आहे.”

तेव्हापासून बुवा रोज सकाळ-संध्याकाळ फोन हातात धरून जिना चढतात. फोनमध्ये प्रत्येकाच्या वायफायची रंगीत टेकडी दिसते. कुणाची टेकडी आपल्या आकड्यावरून हललेली दिसली की बुवा ते दार वाजवतात. आणि दुसऱ्याच्या पाटाला दार फोडायचं नाही, हा नियमही आहे. तो सुचवला होता हिकमतनेच.

शनिवारी सकाळी बुवा नेहमीप्रमाणे जिना चढत आले, तेव्हा हिकमत पेटीमागे कढईचं झाकण उभं करून धरत होता. ती गफूर न्हाव्याची युक्ती. झाकणाने लाटा परत फिरतील, असं तो म्हणाला होता, आणि तत्त्वतः ते चूक नव्हतं. झाकण साडेतीन किलोचं, बिडाचं. खुर्चीवर उभा राहून ते धरताना हिकमतचा तोल गेला. झाकण गेलं तबकावर, तबकातले सहा चहाचे वाडगे गेले जमिनीवर. वाचलेल्या वाडग्यांची संख्या एक.

“बुवा,” हिकमत खुर्चीवरूनच म्हणाला, “मला पाट बदलून द्या.”

त्याने सगळं सांगितलं. आज तीन वाजता परीक्षा आहे. त्याच्या यंत्राला सहावा दिसतो, आठवा दिसतो, तेरावा काही दिसत नाही. पेटीची वाट बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, पण शब्द दिलेला आहे, तेव्हा विचारल्याशिवाय कसं करणार?

बुवांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “बरं केलंस विचारलंस. पण पाट मी वाटत नाही, सभा वाटते. माझा पहिला तुला दिला असता, पण मुखाशी पाटकरी नसला तर उद्या सगळे दार फोडतील. बोलावतो सगळ्यांना.”

सभा जमायला बारा वाजले. मग चहा झाला. मग सहाव्या पाटाच्या धन्याने स्वतःच्या मुलाच्या परीक्षेची गोष्ट सांगितली. आठव्याच्या धन्याला दोमलाबद्दल आदर होता, पण तेरावा घ्यायला बायको तयार नव्हती. चौथ्याच्या झुम्रद ओपा म्हणाल्या, घेतला असता, पण सून ताश्कंदहून रोज व्हिडिओवर बोलते, उगाच तिकडे काही अडलं तर मी मुद्दाम केलं असं होईल. पाचव्याला शेजारच्या सहाव्याची हमी हवी होती. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली. हिकमतच्या मनात आलं, की पदवीचं जाऊ दे, निदान खाली जाऊन वाडगे तरी विकत आणावेत.

तेवढ्यात गफूर न्हावी उठला. हातात कात्री तशीच, मागे दुकानात कुणीतरी अर्धी दाढी केलेलं बसलेलं.

“माझा घ्या, दोमला. बारावा. तुमचा तेरावा मला द्या. माझ्या मुलाला तुम्ही न्यूटन शिकवलात, मी तेरा आकड्याला काय भिऊ?”

झुम्रद ओपांनी मोजपट्टीने डोळे टिपले. बुवांनी खिशातून नान काढला, मोडून दोघांना दिला, दोन्ही हात वर करून आशीर्वाद मागितला, आणि तेराही उंबऱ्यांनी तोंडावरून हात फिरवले. न्हाव्याने असं मन मोठं करावं आणि आपण आजवर केस बाजारात कापून घ्यावेत, याची त्याला लाज वाटली.

एक चाळीसला दोन्ही पेट्यांच्या वाटा बदलल्या. बुवांनी फोनवर टेकड्या तपासल्या आणि मान डोलावली. सगळा जिना हिकमतच्या बैठकीत लॅपटॉपमागे उभा राहिला. हिकमतने शोध घ्यायला सांगितलं. सगळे मोठ्याने मोजू लागले.

अकरा.

हिकमत नव्हता. गफूरही नव्हता.

“हे बघा,” मागून सहाव्याचा धनी म्हणाला, “पाटाचा प्रश्नच नाही. नशिबाचा आहे.”

“तुम्ही गप्प बसा हो,” झुम्रद ओपा म्हणाल्या.

पण हिकमत ऐकत नव्हता. तो वहीच्या जळक्या पानाआधीचं पान उलगडून बघत होता. काल दुपारी गळालेले दोन: हिकमत आणि गफूर. आज गळालेले दोन: हिकमत आणि गफूर. दोघांनी वाटांची अदलाबदल केली आणि तरी गळाले तेच दोघं. आणि गफूरपुढे त्याने काल स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘दुकान जेवणासाठी बंद असावं.’

“गफूर, काल चार वाजता दुकान बंद होतं?”

“शुक्रवारी? शुक्रवारी मला मरायला फुरसत नसते, दोमला. अकरा गिऱ्हाइकं केली.”

हिकमतने कपाळावर हात मारून घेतला. मुलांना तो बावीस वर्षं बजावत आला होता, की जे मोजलं नाही ते लिहू नये. आणि स्वतः एका माणसाला विनाकारण जेवायला बसवून मोकळा झाला होता.

“बुवा, बारावा आणि तेरावा. फक्त हे दोनच दिसत नाहीत. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सगळे दिसतात.”

बुवांनी लॅपटॉपकडे पाहिलं नाही. त्यांना बघायची गरज वाटली नाही. चाळीस वर्षं त्यांनी हेच तर ऐकलं होतं.

“शेवटच्या दोन शेतांना पाणी नाही, वरच्या सगळ्यांना आहे,” ते म्हणाले. “तू शेवटच्या शेतात खणत बसलायस, दोमला. तिथे काही नसतं. वर कुठेतरी दार पाडलेलं असतं. ते शोध.”

“पण वर कोण? वाटेत काहीच नाही. पेटी आहे आणि हे यंत्र आहे.”

“मग यांच्यातलाच कुणीतरी पाडतोय. पेटी तर सगळ्यांना देते आहे. यालाच विचार, बाबा, तुला किती पाटांची परवानगी आहे.”

एक वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. हिकमतने आजवर यंत्राला विचारलं होतं, तू आजारी आहेस का, तुला काय दिसतं, तुला काय हवंय. तुला परवानगी किती आहे, हे त्याने विचारलंच नव्हतं. ते विचारायचा हुकूम शोधायला त्याला बारा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात सानोबरने उरलेल्या एका वाडग्यातून बुवांना चहा दिला आणि बाकीच्यांना पेल्यांतून. उत्तर आलं तेव्हा यादी लांबलचक होती. पहिली वाट: चालू. दुसरी: चालू. अकरावी: चालू. बारावी: मनाई. तेरावी: मनाई. आणि सर्वांत वर एक ओळ, जी काल वाचली असती तर सहा वाडग्यांपैकी पाच वाचले असते. त्या ओळीत लिहिलं होतं, देश: यूएस.

“कोण देश?” झुम्रद ओपांनी विचारलं.

“अमेरिका,” हिकमत म्हणाला. त्याचा आवाज स्वतःलाच परका वाटला. “तिथे वाटा अकराच वापरतात. इल्होमने हे तिथे बसवलं, आणि देश विचारल्यावर तिथला सांगितला. वर्षभर हे यंत्र कोकंदमध्ये आहे आणि स्वतःला ओहायोत समजतंय.”

खोलीत एकच गलका झाला. सहाव्याचा धनी म्हणाला, त्याच्या चुलत भावाचंही असंच आहे, अंदिजानला येऊन तीन वर्षं झाली तरी. गफूर म्हणाला, मग आता पासपोर्ट लागेल का? सानोबरने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. ओहायोत अजून पहाटेचा अंधार होता, याची तिला पुरती कल्पना होती.

“इल्होम! तू दाजींचं यंत्र अमेरिकन करून ठेवलंस?”

“काय? ओपा, किती वाजले—”

“तेरावा पाट बंद केलास तू आमचा!”

“कसला पाट? मी झोपलोय गं!”

“झोप, झोप. तिथे अकराच आहेत तुमचे. इकडे तेरा आहेत.”

एका ओळीचा हुकूम होता. देशाची दोन अक्षरं बदलायची. हिकमतने पासवर्ड पहिल्यांदा चुकीचा घातला, कारण चोवीस डोळे त्याच्या बोटांवर होते. दुसऱ्यांदा बरोबर घातला. यंत्राने काहीही उत्तर दिलं नाही. लिनक्सचं तसंच असतं, काम बरोबर झालं की ते बोलत नाही. ही एक गोष्ट हिकमतला त्याच्यात पहिल्यापासून आवडायची. मग त्याने शोध घ्यायला सांगितलं. यादीत तळाशी आधी गफूर आला. गफूर ओरडला, “मी! मी आलो!” आणि त्याच्या मागोमाग हिकमत.

त्याने नावावर टिचकी मारली. चक्र फिरलं, थांबलं, निळं झालं. हिकमतने डोळे मिटले आणि कालपासून छातीत धरून ठेवलेला श्वास इतक्या जोरात सोडला, की झुम्रद ओपा दचकल्या. मग तो हसायला लागला. मग सानोबर हसायला लागली, मग सगळे. बुवा मात्र हसले नाहीत. ते घड्याळ बघत होते.

“दोन वाजून सोळा,” ते म्हणाले. “चला, सगळे बाहेर. एका माणसाची खोली आहे ती.”

मग बुवांनी जे केलं ते कुठल्याच नियमात नव्हतं. चाळीस वर्षं मीराब असताना कुणाच्या शेतात रोप जळायला लागलं, तर ते बाकी सगळ्यांची दारं काही तास पाडून तेवढ्या एका शेताला पाणी देत. तसं त्यांनी पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दार वाजवलं. “तीन ते सहा, सगळ्यांनी पेट्या बंद. आज पाणी दोमलाचं.” झुम्रद ओपांनी शिलाई मशिनंही थांबवली. गफूरने खाली दुकानात ताटकळलेल्या अर्ध्या दाढीला वस्तरा आवाज न करता फिरवला जाईल असं आश्वासन देऊन परत बसवलं. सहाव्याचा धनी पायातले जोडे काढून जिना उतरला, आणि असं करायला त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवण्याआधी हिकमतने तो एकदा पाहिला. तीन वाजायच्या आधीच वायफायच्या यादीत एकच नाव होतं. त्याचं.

दोन अठ्ठावन्नला त्याने दार लावलं. खोलीत अजून इसिरिकचा वास होता. कपाटावर पेटी, दोन मीटर दहा सेंटिमीटरवर टेबल, टेबलावर पाण्याचा पेला, पासपोर्ट, आणि नियमाप्रमाणे कोरा कागद एक. बाहेर तेरा उंबऱ्यांच्या त्या जिन्यात इतकी शांतता होती, की आपल्यामुळे शेजाऱ्यांना खोकलाही दाबून धरावा लागत असेल, या विचाराने त्याला पहिल्या प्रश्नाआधीच घाम फुटला. पडद्यावर त्याचा चेहरा दिसला, त्याखाली करार क्रमांक, त्यापुढे हिरवी खूण. तीन वाजले. पहिला प्रश्न उघडला. झुकत्या पाटीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा होता. हिकमतने पेन उचलला, आणि चोवीस तासांत पहिल्यांदाच त्याला समोर काय चाललंय हे पुरतं समजलं.

सहा वाजता त्याने दार उघडलं, तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर सगळे ओळीने बसले होते. बुवा फक्त म्हणाले, “दारं उघडू का?” आणि हिकमतने मान डोलावल्यावर बाकीच्या बारा पेट्या एकदम सुरू झाल्या.

निकाल बाराव्या दिवशी लागला. प्रवेशासाठी शंभरपैकी साठ गुण लागत होते. हिकमतुल्लाला एकसष्ट मिळाले.